डी-ट्वेंटीवरचा सहा की नऊ: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाला पाच स्टार, मी त्यासाठी घेतलेल्या फाशांना दोन. पहिल्या महिन्यात फाशांना एकच दिला होता, दुसरा का वाढवला ते खाली येईलच.

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे गप्पांतून खेळायचं साहस: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ते काय करतं हे बोलून सांगायचं, जमलं की नाही ते फाशावर ठरतं. खेळ १९७४ पासूनचा, आमच्या जळगावच्या घरात आत्ता पोचला एवढंच. मला त्यातली सगळ्यात आधी आवडलेली गोष्ट म्हणजे किंमत. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली सगळ्यांना खुले झाले, पीडीएफ फुकट. लागतील तेवढीच पानं झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढली आणि सुतळीनं बांधली. सोंगट्या म्हणून चिंचोके, नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. पैसे मोजले ते फक्त सात फाशांच्या सेटचे, ऑनलाइन, ३९९ रुपये. आणि नेमका तोच माल खोटा निघाला.

सहा आणि नऊच्या खाली टिंब नाही! रेघही नाही. वीस बाजूंच्या फाशावर, म्हणजे डी-ट्वेंटीवर, हे नसेल तर सहा कुठला आणि नऊ कुठला? त्रिकोणाचं टोक वर धरून वाचा, असं जाणकार सांगतील. पण इथे आकडेच त्रिकोणात तिरपे छापलेत. कस्टमर केअरला लिहिलं. त्यांनी फोटो मागितला. पाठवला. उत्तर आलं, "सर, सातही नग मिळाले ना?" मिळाले म्हटलं, तर तक्रार बंद.

सुरुवातीला फरक पडला नाही, याचं कारण गॉब्लिन, म्हणजे खेळातला छोटा राक्षस. त्याचा आर्मर क्लास १५, म्हणजे वार लागायला बेरीज निदान १५ हवी. आमच्या फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, हल्ल्यात अधिक पाच मिळतात, म्हणजे फाशावर निदान दहा पाहिजेत. सहा आला काय, नऊ आला काय, वार हुकलाच. खरी भांडणं सांगाड्यांपासून लागली. सांगाड्याचा आर्मर क्लास १३. नऊ अधिक पाच चौदा, लागला. सहा अधिक पाच अकरा, हुकला.

डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मीच असल्यामुळे आमचं भुयार लळिंगच्या किल्ल्याखाली आहे. तिथे धुळ्याच्या आतेभावानं फासा टाकला आणि ओरडला, "हाई नऊ शे, भो!" सांगाड्याची कवटी कशी उडाली याचं वर्णनही त्यानं करून टाकलं. मी म्हटलं सहा. आतमध्ये शेवभाजी निवत होती, हा ताटावर यायला तयार नाही. शेवटी नववीतला भाचा म्हणाला, खालची बाजू बघा. डी-ट्वेंटीच्या समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज २१ होते. खाली बारा असेल तर वर नऊ, पंधरा असेल तर सहा. खाली पंधरा निघाला. तर आतेभाऊ म्हणे, उचलताना तू फिरवला.

तेव्हापासून आम्ही काचेच्या टीपॉयवर खेळतो. शंका आली की भाचा टीपॉयखाली आडवा होऊन आकडा सांगतो. त्याचा विझार्ड, म्हणजे जादूगार, अजून पहिल्याच लेव्हलवर आहे, पण घरात त्याच्याइतका वट कोणाचा नाही.

मोबाइलवरचं फासे टाकणारं फुकट ॲपही वापरून पाहिलं. ॲपवर एक पडला की सगळे फोनकडे संशयानं बघतात. हातातून सुटलेला फासा काचेवर खडखडत जातो, ती मजा त्यात नाही. काढून टाकलं. बहिणीच्या नेलपॉलिशनं नऊखाली टिंब दिलं, ते दोन बैठकींत उडालं.

मग मिठाच्या पाण्याची परीक्षा केली. फासा तरंगेपर्यंत पेल्यात मीठ घालायचं आणि टिचकी मारत राहायचं. तोच तोच आकडा वर आला तर समजायचं फासा एका बाजूला जड आहे. आईनं मिठाच्या पुड्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. पण आमच्या फाशावर दर वेळी वेगळाच आकडा. म्हणजे फासा प्रामाणिक आहे, छपाई तेवढी नालायक. म्हणून दुसरा स्टार.

खेळाबद्दल मात्र माझं मत पार बदललं. राक्षस, चेटूक म्हणजे पोरांचं काम, असं वाटायचं. पण रावेरचा मेहुणा, जो लग्नातसुद्धा "हो", "नाही" यापलीकडे बोलत नाही, तो एका गॉब्लिनशी ओलिसाच्या सुटकेवरून अर्धा तास घासाघीस करत बसला. केळीच्या भावावरून व्यापाऱ्याशी करतो तशीच, आकडा सांगायचा आणि उठून जायचं नाटक करायचं. नियमाप्रमाणे मी करिश्म्याचा, म्हणजे बोलून छाप पाडण्याचा, फासा मागायला हवा होता, मागितलाच नाही. गॉब्लिननं ओलीस तर सोडलाच, वर दोन मशाली दिल्या. यात कोणी जिंकत नाही, हे मेहुण्याला अजून पटलेलं नाही.

डी-फोर, म्हणजे चार बाजूंचा फासा, टोकदार असतो, सतरंजीवर पडलेला राहू देऊ नका. रात्री पाय पडला की घर जागं होतं.

दुसरा सेट मी घेणार नाही, ३९९ आधी वसूल व्हायचेत. तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याकडे डी-ट्वेंटीच्या सहाच्या बाजूचा फोटो मागा. जाहिरातीतल्या फोटोवर जाऊ नका, त्यात प्रत्येक फासा विसाची बाजू वर करून ठेवलेला असतो.