बॉडलियन ग्रंथालय : शिस्त आणि संग्रह

१६०२ साली वाचकांसाठी खुले झालेले ऑक्सफर्ड विद्यापीठाचे बॉडलियन ग्रंथालय मला सर्वाधिक भावते ते त्याच्या शिस्तीसाठी. येथील ग्रंथ घरी नेता येत नाहीत. १६४५ मध्ये खुद्द राजा पहिल्या चार्ल्सलाही ग्रंथ देण्यास नकार मिळाला होता. ही अट आजच्या वाचकाला जाचक वाटेल, पण चार शतकांपूर्वीची प्रत आजही जागेवर सापडते ती, माझ्या मते, याच कठोरपणामुळे. लाखो ग्रंथ ऑक्सफर्डबाहेर, स्विंडन शहराजवळच्या भांडारात ठेवलेले असल्याने त्यांची मागणी आधी नोंदवावी लागते, आणि कपाटापुढे उभे असताना अनपेक्षित पुस्तक हाती लागण्याच्या आनंदाला वाचक तेवढा मुकतो. अनेक दुर्मीळ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती मात्र कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि त्यांतील बारीकसारीक तपशील मोठा करून निरखता येतो.