आधी ‘एस्प्री’ की आधी ‘ले तां मॉदर्न’?

अल्जीरियाचं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध (१९५४–६२) फ्रेंच मासिकांतून वाचायला घेतलं की दोन नावं टाळता येत नाहीत. पहिलं ‘एस्प्री’, १९३२ साली एमान्युएल मूनिएने काढलेलं, डाव्या विचारांच्या कॅथलिकांचं. दुसरं १९४५ चं ‘ले तां मॉदर्न’, म्हणजे तत्त्वज्ञ-लेखक सार्त्रचं. दोघांनीही १९५५ पासूनच युद्धाविरुद्ध लिहिलं, त्यामुळे ‘कोण बरोबर होतं’ म्हणून निवडायला बसलात तर हाती फारसं लागणार नाही. दोघांचे प्रश्नच वेगळे होते. ‘एस्प्री’ विचारत होतं, हे करता करता आपलं काय झालं? ‘ले तां मॉदर्न’चा सवाल होता, तू कुणाच्या बाजूचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो: ‘एस्प्री’चा एप्रिल १९५७ चा अंक आधी काढा. त्यात रोबेर बोनो या इतिहासाच्या शिक्षकाचा लेख आहे, ‘नेमांशांची शांतता’. बोनोला राखीव सैनिक म्हणून परत बोलावून पूर्व अल्जीरियातल्या नेमांशा डोंगरांत धाडलं होतं. सरकारी भाषेत तिथे युद्ध नव्हतंच. अल्जीरिया कागदोपत्री फ्रान्सचाच भाग, आणि आपल्याच घरात युद्ध कसलं? चालू होतं ते ‘शांतता प्रस्थापित करणं’. त्या शब्दाखाली कैद्यांचे हाल कसे होतात, त्यांना ठार कसं मारतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं. शीर्षकातली ‘शांतता’ म्हणूनच बोचते. तो लेख लिहायला त्याला भरीस पाडलं ते त्याचा मित्र, इतिहासकार पिएर व्हिदाल-नाके याने. सिद्धांत जवळपास नाही. आहे ती साक्ष. नवख्या वाचकाला आधी हीच हवी.

‘ले तां मॉदर्न’ची ताकद दुसरीकडे आहे. सार्त्रचा १९५६ चा लेख ‘वसाहतवाद ही एक व्यवस्था आहे’ घ्या. चांगले वसाहतवाले आणि वाईट वसाहतवाले अशी वाटणी तो करूच देत नाही. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, दारूची द्राक्षं कुणासाठी पिकवली, याचा हिशोब मांडतो आणि सुधारणांची भाषा निकालात काढतो. वाचताना पटत जातं. पण माणसं कमी दिसतात, रचना जास्त. बोनोनंतर वाचला तर हा लेख दुप्पट कळतो. आधी वाचला तर परीक्षेच्या उत्तरासारखा पाठ होतो.

दोन वाटा खऱ्या फुटल्या १९६० च्या सप्टेंबरात. अल्जीरियन राष्ट्रीय मुक्ती आघाडीला मदत करणाऱ्या फ्रान्सिस जाँसोंच्या गटावर पॅरिसच्या लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. त्याच वेळी १२१ जणांनी, सैन्यात जायला नकार देण्याचा हक्क मान्य करणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ‘ले तां मॉदर्न’ला तो छापता आला नाही, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरच्या जोडअंकात दोन पानं कोरी सोडली. अंक हाती आला तर ती पानं जरूर पाहा. खटल्यात सार्त्रचं एक पत्र वाचून दाखवलं गेलं आणि गदारोळ उडाला. गंमत अशी की सार्त्र तेव्हा ब्राझीलमध्ये होता. त्याच्या संमतीने ते पत्र पेजू आणि लान्झमान या मासिकातल्याच सहकाऱ्यांनी लिहिलं होतं.

‘एस्प्री’चा संपादक जाँ-मारी दोमनाक याने १२१ जणांच्या त्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. त्याची सही वाटाघाटींतून शांतता मागणाऱ्या, शिक्षक संघटनेच्या सौम्य आवाहनावर होती. त्याच आवाहनावर ‘ले तां मॉदर्न’च्या संस्थापकांपैकी एक, तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती, याचंही नाव होतं, तेव्हा मासिकांच्या नावावरून माणसं वाटून टाकू नका.

उलट दिशेनेही तेच. जाँसोंने अल्जीरियावरचे सुरुवातीचे लेख १९५० साली ‘एस्प्री’तच लिहिले. वसाहतवादाविरुद्ध लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ फ्रांझ फॅनन याचे पहिले निबंधही १९५१-५२ मध्ये तिथेच आले. दहा वर्षांनी, मे १९६१ मध्ये, त्याच्या पुस्तकातलं हिंसेवरचं प्रकरण छापलं ‘ले तां मॉदर्न’ने. आधी ‘एस्प्री’ म्हणण्याचं माझं दुसरं कारण हेच. ही माणसं ज्या क्रमाने गेली, त्या क्रमाने वाचलं की ती का गेली ते कळतं. खटकणारी गोष्ट एकच, आणि ती दोन्हीकडची: अल्जीरियन लोकांबद्दल भरपूर, त्यांचं स्वतःचं त्या मानाने थोडं.

‘प्रव्ह’ हे तिसरं मासिक पहिल्या फेरीत सोडलंत तरी चालेल. त्याच्या मागे अमेरिकी गुप्तचर खात्याचा पैसा होता हे पुढे उघड झालं. शीतयुद्ध हा विषय असेल तर मात्र तिथूनच सुरुवात करा.

युद्धानंतरच्या वर्षांसाठी काय घ्यायचं? मार्च १९६२ मध्ये युद्ध थांबवणारा एव्हियाँचा करार झाला, पाठोपाठ सैनिकांच्या कृत्यांना माफी मिळाली, आणि फ्रेंच कायद्याने त्याला ‘युद्ध’ म्हणायला १९९९ उजाडलं. या काळासाठी ‘एस्प्री’चा जानेवारी १९९५ चा अंक पाहा. त्यात व्हिदाल-नाके आणि पोल तिबो हे दोन जुने युद्धविरोधक आपलाच लढा तपासतात. फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेले आणि मग वाऱ्यावर सोडलेले अल्जीरियन, म्हणजे हार्की, यांच्यावर व्हिदाल-नाकेने ‘ल माँद’ या दैनिकात लिहिलं ते १९६२ च्या नोव्हेंबरातच. ‘ले तां मॉदर्न’ने त्यांच्यावर विशेषांक काढला २०११ साली. संपादक तोच लान्झमान.