हायपररिअ‍ॅलिस्ट वस्तुचित्र: समोरच्या वस्तूवरून की छायाचित्रावरून?

तैलरंगात हायपररिअ‍ॅलिस्ट, म्हणजे छायाचित्राइतके हुबेहूब, वस्तुचित्र (मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंचे चित्र) करू पाहणाऱ्या चित्रकाराला कुंचला हाती घेण्याआधीच ठरवावे लागते की वस्तू समोर मांडून रंगवायचे, की तिच्या छायाचित्रावरून. दोन्ही पद्धतींनी मोलाचे काम झाले आहे. चिलीत जन्मलेले आणि १९७२ मध्ये मोरोक्कोत गेलेले क्लाउदिओ ब्राव्हो (१९३६–२०११) यांची गणना नेहमी हायपररिअ‍ॅलिस्टांत होत असली, तरी कागदात गुंडाळून दोरीने बांधलेली त्यांची प्रसिद्ध पुडकी छायाचित्रांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष पाहून रंगवलेली आहेत. याउलट अमेरिकेच्या ऑड्री फ्लॅक (१९३१–२०२४) छायाचित्राची पारदर्शक स्लाइड कॅनव्हासवर प्रक्षेपित करून काम करीत, आणि राल्फ गोइंग्ज (१९२८–२०१६) यांनी उपाहारगृहांतल्या टेबलांवरच्या केचपच्या बाटल्या व मीठदाण्या स्वतः काढलेल्या छायाचित्रांवरून रंगवल्या.

छायाचित्राचा मोठा फायदा म्हणजे त्यातला क्षण टिकतो. तैलरंग पाणी उडून नव्हे, तर तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतो. त्यामुळे पातळ थरालाही अनेक दिवस लागू शकतात, आणि पारदर्शक थर एकावर एक चढवायचे तर चित्र आठवडेच्या आठवडे चालते. तोवर कापलेले फळ काळे पडते, फूल मिटते, खिडकीतला प्रकाश ऋतूबरोबर सरकतो. शिवाय फ्लॅक यांच्या १९७७ च्या ‘मेरिलिन (व्हॅनिटास)’ या चित्राप्रमाणे सुमारे आठ फूट रुंदीच्या कॅनव्हासवर लहानशा वस्तू अनेक पटींनी वाढवायच्या असतील, तर छायाचित्राशिवाय ते फार अवघड जाते.

मात्र छायाचित्र काय हिरावून घेते, हे वस्तू शेजारी ठेवल्यावरच नीट कळते. पांढऱ्या कापडावर एक लिंबू ठेवून त्याच्या छायेकडची बाजू न्याहाळावी. कापडावरून उसळलेला प्रकाश तिथे पोहोचतो, म्हणून ती बाजू काळोखी नसून मंद, किंचित हिरवट पिवळी दिसते, आणि कापडाला जिथे लिंबू टेकते तिथेच काय ती बारीक गडद रेघ उरते. त्याच मांडणीच्या सर्वसाधारण छायाचित्रात ती सारी बाजू अनेकदा एकाच तपकिरी डागात बुडते, तर काचेच्या पेल्यावरची चमक नुसती कोरी पांढरी होते. प्रत्यक्षात तिच्या कडेला खिडकीच्या प्रकाशाची निळसर झाक असते. कॅमेऱ्याचे भिंग एकाच डोळ्याने पाहते आणि ठरावीक अंतरावरच स्पष्ट पाहते. काय धूसर ठेवायचे हा खरे तर चित्रकाराचा निर्णय, पण तो भिंगाने आधीच घेतलेला असतो. छायाचित्रावरून केलेली पुष्कळ चित्रे अचूक असूनही निर्जीव वाटतात, त्याचे कारण माझ्या मते कौशल्याच्या अभावात नसून या परस्पर घेतल्या गेलेल्या निर्णयांत आहे.

म्हणून जो शिकण्याच्या टप्प्यावर आहे, त्याने वस्तूच समोर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. धातू, काच, कागद, कापड, वाळलेल्या बिया अशा न बदलणाऱ्या गोष्टी निवडाव्यात, एकच स्थिर दिवा लावावा आणि स्वतःची बसण्याची जागा जमिनीवर खूण करून पक्की करावी, कारण डोके जरा हलले तरी काचेतली प्रतिबिंबे जागा बदलतात. नाशवंत फळे, उडते पाणी किंवा अवाढव्य कॅनव्हास हाच ज्याचा विषय आहे, त्याला छायाचित्र टाळता येणार नाही. त्याने एकाच मांडणीची कमी-अधिक एक्स्पोजरची (म्हणजे कॅमेऱ्यात कमी-जास्त प्रकाश घेऊन काढलेली) छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे छायेतला व चमकेतला तपशील वेगवेगळा हाती लागतो. रंग मात्र छापील प्रतीवरून न घेता, वस्तू ताजी असतानाच पॅलेटवर जुळवून त्यांचे नमुने कॅनव्हासच्या तुकड्यावर लावून ठेवावेत. वाळल्यावर हे नमुने निस्तेज दिसू शकतात, तेव्हा पुन्हा रंग जुळवताना त्यांवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा.