अर्धी नळी टाकून दिली, म्हणून चार तारे

पाचवा तारा ह्या रक्ततपासणी लॅबच्या जिन्यासाठी कापलाय. बावीस पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. पोटात पाणी झालेला माणूस त्या कशा चढतो ते मालकांनी एकदा खाली उभं राहून बघावं.

मी बेळगावच्या वडगावचा. घरात दोन पॉवरलूम, वय ४३. दोन वर्षांमागे पोट फुगायला लागलं, उजव्या बरगडीखाली दुखायचं. गल्लीत कुजबूज सुरू, 'पितोय वाटतं'. अहो, मी माळकरी माणूस! शेवटी डॉपलर सोनोग्राफीत कळलं की लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या तीन मोठ्या शिरांपैकी दोन गुठळीनं बंद आहेत. रक्त आत येतंय, बाहेर पडायला वाट नाही, म्हणून लिव्हर सुजलं आणि पाणी पोटात झिरपलं. बड-किआरी म्हणतात ह्याला. बेंगळुरूला जाऊन शिरेत जाळी बसवून आलो. आता रोज रक्त पातळ ठेवायची गोळी. तिचा डोस आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, बघून ठरतो. माझा २ ते ३ च्या मधे राहायला पाहिजे. खाली गेला तर परत गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. अमावस्येला माझे माग बंद, त्याच दिवशी लॅबची फेरी.

आधी दुसरीकडे जात होतो. तिथं एकदा ६.१ आला. घरात रडारड, रात्री रिक्षा करून दवाखाना. तिथं परत रक्त घेतलं तर २.४! नळी अर्धीच भरली असणार, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. निळ्या टोपणाच्या नळीत आधीच सायट्रेटचं पाणी असतं. त्याच्या एका भागाला नऊ भाग रक्त हे माप. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं, गोठायला उगाच वेळ लागतो आणि आकडा फुगतो. ताण्याला खळ लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ह्या लॅबमध्ये पहिल्याच खेपेला रक्त मधेच थांबलं. ताईंनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "मामा, ही चालायची नाही. दुसरा हात द्या." माझ्यासमोर नळी डब्यात टाकली. दुसऱ्यांदा टोचलं, दुखलंच. पण त्या दिवसापासून मी इथंच येतो.

दुसरी गोष्ट पैशाची. साडूनं डोक्यात भरवलेलं, 'रक्तातच दोष असणार, प्रोटीन सी, प्रोटीन एस सगळं तपासून घे'. ही दोन्ही गुठळी रोखणारी प्रथिनं. मी पैसे घेऊन काउंटरवर उभा. तिथल्या मुलानं विचारलं, "गोळी चालू आहे काय?" आणि आतल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, ही गोळी प्रोटीन सी आणि एस खाली आणतेच, शिवाय ही प्रथिनं बनतात लिव्हरमध्ये, आणि तेच आजारी. कमी आलं तर त्याचा अर्थ काय लावणार? हजारो रुपये समोर असताना परत पाठवलं. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, म्हणाल्या.

माझ्या डॉक्टरांनी फॅक्टर फाइव्ह लायडनची, म्हणजे गुठळीचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, जनुक तपासणी लिहून दिली. तिच्यावर गोळीचा परिणाम होत नाही. (लायडन हे नेदरलँड्समधलं शहर. १९९४ मध्ये हा दोष तिथल्या लोकांनी शोधला.) निघाला. आईकडून की वडिलांकडून, कोण जाणे. वडील आता नाहीत. भावंडांत प्रत्येकाला निम्मी शक्यता. असला म्हणजे गुठळी होतेच असं नाही, पण निपाणीला दिलेली बहीण पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होती. तिचाही दोष निघाला, तिच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या. माझ्या आजारातून एवढं तरी बरं झालं.

तक्रारी आहेतच. रिपोर्ट चार वाजता म्हणतात, व्हॉट्सअॅपवर सातला येतो. दर २०० चे २५० कधी झाले, पाटी नाही. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. आई आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं मराठीत वाचून दाखवला म्हणून भागलं.

पण माणसं लक्ष ठेवून आहेत. गणपतीनंतर माझा १.६ आला, तर ताईंनी फोन केला, "मामा, गौरीची शेपूची भाजी चापली काय?" चापली होती की! दोन दिवस भाकरी आणि शेपू, वर मेथी. पालेभाजी जास्त झाली की गोळीचा जोर कमी होतो. ती बंद करायची नाही, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी सणात विसरलो. ताईंनी स्वतः डोस सांगितला नाही, डॉक्टरांना आजच फोन करा म्हणाल्या. हेही मला आवडलं.

धाकट्या भावाचं रक्त परवा दिलंय. रिपोर्ट दहा दिवसांनी, म्हणजे ह्यांच्या हिशेबानं बारा.