कमिन्स इनसाइट लाइट आणि न जाणारा इंजेक्टर कोड: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

टाटाच्या २५१८, ३११८ वगैरे बीएस-४ गाड्यांमधलं कमिन्सचं आयएसबीई ५.९ इंजिन आता जुन्यात जमा झालंय. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाडी बीएस-६ चीच मिळते, पण ही इंजिनं अजून सिमेंट, वाळू, ऊस ओढतायत. आणि तक्रार ठरलेली: चेक लाईट लागते, गाडी मिसिंग मारते, इंजेक्टरचा कोड येतो. पुसला तर चार दिवसांनी परत हजर. मग कोणीतरी सुचवतं, कमिन्स कंपनीचं तपासणीचं सॉफ्टवेअर, इनसाइट, घ्या, म्हणजे सगळं कळेल. सगळं कळत नाही. पण जे कळतं ते नीट वापरलं तर एका विनाकारण बदललेल्या इंजेक्टरचे पैसे नक्की वाचतात.

लागतं काय, तर विंडोजचा लॅपटॉप, लॅपटॉप गाडीला जोडणारा इनलाइन ७ अडॅप्टर आणि इनसाइटचं लायसन्स. लायसन्स वर्षाचं असतं, दरवर्षी नूतनीकरण. लाइट आणि प्रो असे दोन प्रकार आहेत. ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, कॅलिब्रेशन (त्याचा प्रोग्रॅम) टाकायचं असेल तरच प्रो घ्यावं. कोड, लाइव्ह डेटा आणि चाचण्यांना लाइट पुरतं. बाजारात फिरणाऱ्या ‘क्रॅक’ सीडीच्या नादी लागू नये. अर्धवट चालणारं सॉफ्टवेअर चालू ईसीएमला जोडणं म्हणजे स्वस्तात महागडं दुखणं घेणं.

आता मुद्द्याचं. सॉफ्टवेअर कमिन्सचे स्वतःचे कोड नंबर दाखवतं, आणि ते सिलिंडरच्या क्रमाने नाहीत. ३२२ म्हणजे पहिला सिलिंडर, ३३१ दुसरा, ३२४ तिसरा, ३३२ चौथा, ३२३ पाचवा, ३२५ सहावा. ३२३ बघून ‘दुसरा असेल’ म्हणत भलताच इंजेक्टर उपसणारे मिस्त्री कमी नाहीत. गंमत म्हणजे साधा जे-१९३९ स्कॅनर (ट्रक-बसच्या कोडची सामायिक भाषा वाचणारा) इथे सरळ पडतो. त्यावर एसपीएन (दोष कुठल्या भागात, तो नंबर) ६५१ ते ६५६ दिसतात आणि ते पहिल्या ते सहाव्या सिलिंडरच्या ओळीनेच आहेत. सोबत एफएमआय (दोषाचा प्रकार) ५ असेल तर अर्थ एवढाच, की करंट कमी आहे किंवा सर्किट तुटलंय. नोझल खराब आहे असं हा कोड म्हणतच नाही. तरी पहिली धाव पंपवाल्याकडे, इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशनला. बेंचवर डिझेलचं माप आणि रिटर्न लीकेज तपासतात. गाडीवरची सैल वायर तिथे कशी दिसणार?

मग इनसाइटवर जास्तीचे पैसे कशासाठी? माझ्या मते दोनच गोष्टींसाठी.

पहिली, कोडची कुंडली. कोड किती वेळा आला, इंजिनच्या कोणत्या तासाला पहिल्यांदा आणि शेवटचा कधी, आणि त्या क्षणी आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान काय होतं, हे सगळं साठवलेलं असतं. रेंगाळणाऱ्या कोडसाठी हे सोनं आहे. दरवेळी इंजिन तापल्यावरच कोड येत असेल तर थंड इंजिनवर मोजमाप घेऊन काही हाती लागणार नाही. लोड-आरपीएम काहीही असलं तरी येत असेल, तर खड्ड्यांत हलणाऱ्या हार्नेसकडे, म्हणजे वायरिंगच्या जुडग्याकडे बघा.

दुसरी, सिलिंडर कटआउट चाचणी. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवायचं आणि एकेक इंजेक्टर बंद करत जायचं. चांगला सिलिंडर बंद केला की आवाज लगेच बदलतो. ज्याने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. कोड न देता नुसताच कमजोर पडलेला इंजेक्टरही यात सापडतो, साध्या स्कॅनरला ते जमत नाही.

सॉफ्टवेअर इथवर आणून सोडतं. दोष वायरीत की इंजेक्टरच्या आतल्या कॉइलमध्ये, हे ते सांगत नाही. त्याला मल्टिमीटरच लागतो, आणि तो बरा हवा. या इंजेक्टरच्या कॉइलचा रेझिस्टन्स एका ओहमच्याही खाली असतो, साधारण ०.३ ते ०.५. स्वस्त मीटरच्या प्रोबच्या वायरीच ०.२-०.३ दाखवतात. म्हणून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून आकडा बघा आणि तो वजा करा.

इग्निशन बंद करूनच हात घाला. चालू इंजिनला इंजेक्टरच्या वायरींत जोराचा झटका देणारं व्होल्टेज असतं. रॉकर हाउसिंगमधून वायरी आत जातात तिथे तीन कनेक्टर असतात, एकेकावर दोन सिलिंडर: १-२, ३-४, ५-६. संबंधित कनेक्टर काढून इंजिनकडच्या पिनांवर मोजा. बरोबर आकडा आला तर दोष बाहेरच्या हार्नेसमध्ये किंवा ईसीएमच्या बाजूला. सर्किट ओपन (तुटलेलं) दाखवलं तर टॅपेट कव्हर उघडा आणि थेट इंजेक्टरच्या स्टडवर (वायर जिथे नटने आवळतात तो खिळा) मोजा. तिथे ०.४ आलं म्हणजे इंजेक्टर ठीक आहे, मधली वायर, लग (वायरीच्या टोकाची कडी) किंवा नट सैल आहे. स्टडवरही ओपनच असेल तर कॉइल गेली, बेंचचा खर्च टाळून इंजेक्टर बदला. प्रत्येक स्टडपासून ब्लॉकपर्यंतही मोजा. १ लाख ओहमपेक्षा कमी आलं तर कुठेतरी अर्थिंग होतंय.

स्टडवरचा नट हा या सगळ्यात सर्वांत छोटा आणि सर्वांत घातक भाग. टॉर्क सव्वा ते दीड न्यूटन-मीटर, म्हणजे बोटांच्या जोरापेक्षा जरासाच जास्त. सवयीने पाना दाबला की स्टड तुटतो आणि चांगला इंजेक्टर भंगारात जातो. सैल ठेवला तर तोच कोड परत. पाना टॉर्कचाच वापरा.

दोन कोड एकत्र आले तर त्यांची जोडी बघा. ३२२ आणि ३३१ म्हणजे १-२ चा कनेक्टर. आत तेल शिरलंय का, पिना पसरल्यात का, ते आधी पाहा. पुढचे तिन्ही किंवा मागचे तिन्ही सिलिंडर एकदम गेले तर तीन इंजेक्टर एकाच दिवशी मेले असं समजू नका. ईसीएमचा कनेक्टर, त्याचा सप्लाय आणि अर्थिंग, बॅटरीचे टर्मिनल या क्रमाने जा. ईसीएम बदलायची गोष्ट सर्वांत शेवटी.

स्वतःची एक-दोन गाड्या असणाऱ्याने हे किट विकत घेऊ नये. लायसन्स दरवर्षी भरावं लागतं आणि अकरा महिने किट कपाटात पडून राहतं. एसपीएन दाखवणारा स्कॅनर आणि चांगला मीटर घ्या, कटआउट चाचणी किट असलेल्या माणसाला बोलावून करून घ्या. दहा-बारा कमिन्स गाड्यांच्या ताफ्याला किंवा रोज या गाड्या येणाऱ्या गॅरेजला मात्र ते परवडतं.

काम करून घेताना एक अट घाला. नुसतं इग्निशन लावून कोड ‘पुसला’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इंजेक्टरच्या सर्किटची ईसीएमकडून तपासणी इंजिन चालू असतानाच होते, म्हणून दुरुस्तीनंतर गाडी चालू करून, पूर्ण गरम करून, कोड ‘इनअॅक्टिव्ह’ झालेला तुमच्यासमोर दाखवू द्या. मगच पुसायला सांगा, आणि पुसण्याआधीचा रिपोर्ट सेव्ह करून घ्या. कोड परत आला तर तासांचा आणि तापमानाचा ताळा त्या जुन्या रिपोर्टशीच घालावा लागतो.