उंच पर्वतांतील आठ दिवसांची गटपदभ्रमंती: सेवेविषयी अभिप्राय

या पदभ्रमंतीत मला सर्वाधिक भावली ती वाटाड्यांची दक्षता. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, हा सर्वमान्य संकेत त्यांनी काटेकोरपणे पाळला. रोज संध्याकाळी ते प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत टिपत आणि मग डोके दुखते का, भूक लागली का, हे आवर्जून विचारत. कारण केवळ आकड्यावरून विरळ हवेचा त्रास ओळखता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

चौथ्या दिवशी गटातील एका बाईंचा तोल जाऊ लागला. वाटाड्याने त्यांना टाचेला पंजा जुळवत सरळ रेषेत चालायला लावले आणि दुसऱ्याच पावलाला त्या कलल्या, तेव्हा क्षणही न दवडता तो स्वतः त्यांना घेऊन खाली उतरला. शिखर समोर दिसत असताना असा निर्णय घेणे सोपे नसते आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तक्रार आहे ती गटाच्या आकाराविषयी. सोळा जणांमागे दोनच वाटाडे होते. त्यांतला एक खाली गेल्यावर आमची रांग इतकी लांबली की, धुक्यात मागच्यांना पुढचे दिसेनासे झाले. अशा वाटेवर तिसरा वाटाडा हवाच. भाड्याने मिळालेल्या स्लीपिंग बॅगची चेनही अर्ध्यावर अडकत होती. भारवाहकांना मात्र चांगले बूट आणि उबदार कपडे दिलेले होते, हे पाहून समाधान वाटले.