मूळ आटते का? निःसरणावरील पाच संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचे परीक्षण

सोलापुरात पार्क चौकाच्या परिसरातील एका सभागृहात गेल्या मार्चमध्ये पाच संध्याकाळचा एक अभ्यासवर्ग झाला. शुल्क ५०० रुपये होते आणि वेळ साडेसहा ते आठ अशी ठरलेली होती. एखाद्या मूळ स्रोतातून काही बाहेर येणे, म्हणजेच निःसरण, या कल्पनेला विज्ञानात, तत्त्वज्ञानात आणि धर्मविचारात कोणकोणते अर्थ आहेत, हा विषय होता. तो ऐकून आमच्या शेजाऱ्यांनी हे नेमके कशाचे शिबिर, असे विचारले होते. पाचही दिवस मी हजर होतो. पैसे वसूल झाले असे मी म्हणेन, मात्र काही गोष्टी खटकल्या.

पहिली तक्रार शब्दाची आहे. वर्गात दिलेल्या पुस्तिकेत सगळीकडे ‘उत्सर्जन’ हाच शब्द योजला आहे. प्रकाशाचे किंवा कार्बनचे उत्सर्जन आपण म्हणतो हे खरे, परंतु शाळेत ‘उत्सर्जन संस्था’ या मथळ्याखाली मूत्रपिंडांची आकृती काढलेल्या माणसाला परमतत्त्वातून विश्वाचे उत्सर्जन होते, हे वाक्य गंभीरपणे वाचणे जड जाते. मागच्या रांगेत दुसऱ्या दिवशी हसू फुटले ते यामुळेच. या कल्पनेसाठीच्या ‘इमॅनेशन’ या इंग्रजी शब्दामागील लॅटिन क्रियापदाचा अर्थ वाहत बाहेर येणे असा आहे, तेव्हा निःसरण हा शब्द जवळ असताना त्याला बाजूला का सारावे, हे मला समजले नाही.

विज्ञानाची संध्याकाळ सर्वांत चांगली झाली. वक्त्यांनी वरातीत पूर्वी डोक्यावरून नेत त्या गॅसबत्तीची एक जुनी, न वापरलेली जाळी आणली होती. अशा जाळ्यांत थोरियम या किरणोत्सारी धातूचे संयुग असे. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर गणकाची नळी जाळीजवळ नेताच टिकटिक दाट झाली आणि दूर नेताच विरळ झाली. त्यानंतर त्यांनी माँट्रियलच्या प्रयोगशाळेतील हकीकत सांगितली. थोरियमच्या किरणोत्साराचे मापन हवेच्या झुळकीने बदलते, हे भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांचे सहकारी ओवेन्स यांच्या लक्षात आले होते. किरणे वाऱ्याने हलत नाहीत, म्हणजे थोरियममधून काहीतरी वायुरूप बाहेर पडत असले पाहिजे, असा तर्क करून रदरफर्ड यांनी १९०० मध्ये त्याला ‘इमॅनेशन’ असे नाव दिले. त्याच वर्षी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डोर्न यांना रेडियममधूनही तसेच काही निघताना आढळले. आज त्याला आपण रेडॉन म्हणतो. रेडियमपासून मिळणाऱ्या रेडॉनचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, सुमारे ३.८ दिवस, तर थोरियमपासून मिळणाऱ्याचा जेमतेम ५६ सेकंद आहे. ही हकीकत सांगताना वक्त्यांनी गमतीने छताचे पंखे बंद करायला लावले आणि सोलापूरच्या मार्चमधील ती पाच मिनिटे कोणीच विसरणार नाही.

याच संध्याकाळी पुढे चारही दिवस पुरेल असा एक प्रश्न पडला. रेडियममधून रेडॉन निघतो तेव्हा तो रेडियमचा अणू रेडियम राहत नाही. १६०० वर्षांत निम्मे रेडियम संपते. सूर्यही प्रकाश देताना दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान गमावतो. म्हणजे भौतिकशास्त्रातील निःसरणात देणारा आटतो.

प्लोटिनसचे म्हणणे नेमके उलट आहे. तिसऱ्या शतकातील या तत्त्वज्ञाच्या मते ‘एक’ या तत्त्वातून बुद्धी, बुद्धीतून आत्मा आणि त्यातून हे दृश्य जग असा ओघ चालतो, परंतु देणाऱ्यात कणभरही उणे होत नाही. दाखले सूर्याच्या प्रकाशाचे, अग्नीच्या उष्णतेचे आणि सुगंधाचे आहेत. सूर्याचा दाखला आज त्याच्याच विरुद्ध जातो, ही गोष्ट वक्त्यांनी हसत मान्य केली, हे मला आवडले. भारतीय विचार जाणून घेण्यासाठी प्लोटिनस रोमन सम्राट गॉर्डियनच्या पूर्वेकडील स्वारीबरोबर निघाला होता, परंतु सम्राट मारला गेला आणि तो अर्ध्या वाटेवरून परतला, हेही तेव्हाच कळले. पुढे त्याच्या लेखनाचे अरबी रूपांतर चुकून अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर खपले. इस्लामी तत्त्वज्ञ इब्न सीनाची, ईश्वरापासून एकीतून एक निघत जाणाऱ्या दहा बुद्धींची उतरंड या परंपरेतली, आणि दिव्याला उजेड न देण्याची मुभा नसते, मग ईश्वराच्या इच्छेचे काय, हा त्यावर धर्मशास्त्री गझालीने घेतलेल्या आक्षेपाचा रोख.

आपल्याकडील मांडणीसाठी चौथी संध्याकाळ होती आणि ती थोडक्यात आटोपली तरी नेमकी होती. कोळी आपल्यातूनच तंतू काढतो आणि परत घेतो, हा मुंडकोपनिषदातील दृष्टांत. पूर्णातून पूर्ण काढले तरी पूर्णच उरते, हा शांतिमंत्र. आणि त्यावर ब्रह्मसूत्रांनी स्वतःच उपस्थित केलेली शंका. ब्रह्माला भाग नसतील, तर ते सगळेच्या सगळे जग होऊन बसेल, मग मागे उरेल काय? दूध दही झाले की दूध उरत नाही. ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर या कोड्यातून वेगळीच वाट काढतात. एकाच डोंगरात कोरलेले देव, देऊळ आणि परिवार डोंगरापासून कधी बाहेर पडलेलेच नसतात, असे ते सुचवतात. तेथे वाहणेच नाही, त्यामुळे आटणेही नाही.

शेवटच्या संध्याकाळने मात्र निराशा केली. यहुदी गूढविचारातील, म्हणजे कब्बालातील ‘एन सोफ’ (अनंत ईश्वर) आणि त्याच्यातून प्रकटणाऱ्या दहा सफिरा यांना पाऊण तास मिळाला, तो योग्यच होता. परंतु षट्स्थलाला, म्हणजे वीरशैवांच्या सहा स्थलांच्या सिद्धांताला, जेमतेम दहा मिनिटे मिळाली. एकच स्थल (परमतत्त्व) आपल्याच शक्तीच्या स्पंदनाने लिंग (शिव) आणि अंग (जीव) असे दुहेरी होते, हा विचार याच विषयाच्या गाभ्यातला आहे. सिद्धरामेश्वरांच्या गावात, सिद्धेश्वर तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर तो घाईत उरकला जावा, याचे वाईट वाटले. माझ्या शेजारी बसलेल्या यंत्रमाग कारखान्यातील निवृत्त मुकादमांनी मध्येच कन्नड वचन म्हणायला सुरुवात केली, तेव्हा संयोजकांनी घड्याळ दाखवून त्यांना थांबवले. वास्तविक त्या संध्याकाळी ऐकण्यासारखे होते ते तेच. बाहेर चहा घेताना त्यांनी ते पूर्ण म्हटले आणि अर्थही समजावून दिला.

ध्वनिव्यवस्था बरी होती, वर्ग रोज वीस मिनिटे उशिरा सुरू होत असे आणि खुर्च्या दीड तासाला सोसवतील अशा नव्हत्या. पुढील तुकडीत नाव घालायला हरकत नाही, मात्र विज्ञानाचा दिवस चुकवू नये आणि पुढच्या रांगेत बसावे. पुस्तिका वेगळी ५० रुपयांना मिळते, ती शब्द बदलून पुन्हा छापली जाईपर्यंत घेऊ नये.